खडखडाट चाकातून येऊ दे

गेल्या अंकात मॉडेल रेल्वेच्या इंजिनात आवाज कसा बसवायचा ते लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आली त्यात बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, की इंजिनाचं ठीक आहे हो, पण डब्यांचं काय? मला फार बरं वाटलं. कारण इंजिन दोन-चार सेकंदात समोरून निघून जातं, नंतर फलाटावर उभं राहून आपण जे ऐकतो ते सगळं डब्यांचंच असतं. चार पत्रं घेतोय.

प्रश्न : माझा एचओ स्केलचा (खऱ्याच्या ८७ पट लहान) लेआउट आहे, साधा डीसी कंट्रोलर आणि आयसीएफ टाइपचे (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या पद्धतीचे) पाच डबे. पॅसेंजरने जाताना मोबाइलवर खडखडाट रेकॉर्ड केला आणि एका डब्यात छोटं प्लेअर मॉड्यूल बसवून तो वाजवतो. आवाज एकदम क्लिअर आहे पण गाडी बघताना पटत नाही, काहीतरी खोटं वाटतं. काय चुकतंय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रेकॉर्डिंग चांगलंच असणार, फक्त ते आतून केलेलं आहे. तुम्ही डब्यात बसून ऐकलंत, आणि मॉडेल आपण कायम बाहेरून बघतो. या दोन जागांवरून ऐकू येणारा ताल वेगळा असतो, म्हणून कानाला खटकतंय.

जरा आकडे बघा, यातच सगळी गंमत आहे. आपल्याकडे ब्रॉडगेजचा रूळ १३ मीटरचा, म्हणजे जिथे अजून फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे) सांधे आहेत तिथे दर १३ मीटरला एक सांधा. आयसीएफ डब्याची बफरसकट लांबी सुमारे २२.३ मीटर. त्याच्या दोन बोगींमधलं अंतर १४.७८ मीटर आणि एका बोगीतल्या दोन आसांमधलं २.९ मीटर. (आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे डब्याखालची ती चार चाकांची गाडी, इथे तीच धरा.) आता तुम्ही डब्यात असाल तर पुढची बोगी एका सांध्यावर आणि मागची बोगी मागच्या सांध्यावर जवळजवळ एकाच वेळी आपटते, त्यामुळे ठोके एकमेकांत मिसळतात, आणि तुम्ही एखाद्या बोगीच्या डोक्यावर बसला असाल तर तिचाच धडधड मोठा येतो. पण फलाटाच्या टोकाला एखाद्या सांध्यापाशी उभे राहिलात तर काय होतं, एका डब्याची मागची बोगी धड-धड जाते, आणि लगेच साडेचार मीटरच्या अंतराने पुढच्या डब्याची पुढची बोगी धड-धड येते, मग मोठी मोकळी जागा, पुन्हा चार ठोके. धड-धड धड-धड... धड-धड धड-धड. ताशी ६० किलोमीटरला बोगीतले दोन ठोके ०.१७ सेकंदाच्या अंतराने, दोन जोड्यांमधली फट ०.२८ सेकंद आणि नंतरची मोकळी जागा ०.७ सेकंद. ही चौकडी आपल्या कानात लहानपणापासून बसलेली असते, मोजलेली नसली तरी.

आणि स्केलमध्ये अंतर आणि वेग दोन्ही ८७ पटीने लहान होतात, म्हणून वेळ तेवढीच राहते. म्हणजे तुमची छोटी गाडी बरोबर स्केल वेगात चालली तर तिचा ताल खऱ्या गाडीइतकाच असायला हवा. एचओमध्ये ताशी ६० म्हणजे सेकंदाला १९ सेंटिमीटर, एक मीटर कापायला ५ सेकंदांहून थोडं जास्त. रुळाशेजारी एक मीटरच्या दोन खुणा करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा. बहुतेकांची गाडी दीड-दोन सेकंदात पार होते, आणि मग कितीही भारी रेकॉर्डिंग लावा, डोळे एक सांगतात आणि कान दुसरं.

उपाय दोन आहेत. मला आवडतो तो बिनविजेचा. १३ मीटर भागिले ८७ म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर, तर दर १५ सेंटिमीटरला रुळाच्या माथ्यावर तिकोनी सुई-कानशीने बारीक खाच पाडा, नखाला जेमतेम लागेल एवढीच, आणि दोन्ही रुळांवर समोरासमोर, कारण आपल्याकडे सांधे समोरासमोर असतात. खाच पाडल्यावर तिच्या आतल्या बाजूची कूस बोटाने तपासा, काटा राहिला तर चाकाची कडा अडकते. चाकं धातूचीच हवीत, प्लॅस्टिकची चाकं नुसती सरपटतात. एका दुपारी चार मीटर रूळ सहज होतो. मग गाडी हळू सोडा आणि कान टेबलाजवळ न्या, चौकडी आपोआप येते, वेग वाढवला की आपोआप जवळ येते, थांबवली की आपोआप थांबते, एकही वायर नाही. खडी फेविकॉल-पाण्याने चिकटवलेली असेल तर ती दगडासारखी कडक होते आणि आवाज प्लायवूडमध्ये उतरून घुमतो, हे काहींना आवडतं काहींना नाही, नको असेल तर खाली कॉर्क घाला. फक्त एक, तुमचे डबे स्केल लांबीचे आहेत का मोजा, एचओमध्ये २५.६ सेंटिमीटर भरायला हवेत. बरेच मॉडेल वळणं घेता यावीत म्हणून आखूड केलेले असतात, त्यांचा ताल थोडा घाईचा येतो.

दुसरा उपाय तुमच्या मॉड्यूलचाच, पण लूप (पुन्हापुन्हा वाजणारी तीच फाइल) काढून टाका आणि आवाज चाकाला बांधा. एका चाकाच्या मागच्या बाजूला समोरासमोर दोन छोटे मॅग्नेट, दोघांचा एकच ध्रुव बाहेर, आणि शेजारी हॉल सेन्सर, म्हणजे मॅग्नेट समोरून गेला की पल्स देणारा. चाक साडेदहा मिलिमीटरचं असेल तर एका डब्याच्या लांबीत साधारण १५ पल्स येतात. छोट्या आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डाला) सांगायचं की दर १५ पल्सला चौकडी वाजव. हे प्लेअर मॉड्यूल फाइल सुरू करायला किंचित वेळ घेतं म्हणून एकेक ठोका वेगळा वाजवायच्या भानगडीत पडू नका, चारही ठोके एका फाइलमध्ये घ्या आणि अशा तीन फाइली करा, २०, ४० आणि ६० च्या वेगाच्या, पल्स किती लवकर येतायत त्यावरून फाइल निवडायची. रेकॉर्डिंग मात्र बाहेर उभं राहून करा. मेन लाइनवर आता रूळ जोडून लांबच लांब केलेत, तिथे ही चौकडी मिळणार नाही, यार्डात किंवा लूप लाइनला मिळेल, स्टेशनमास्तरांना विचारून आणि रुळांपासून लांब राहूनच.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असतो, बेसमेंटमध्ये अमेरिकन मालगाडीचा एचओ लेआउट, डीसीसीवर (रुळातूनच प्रत्येक गाडीला वेगळी डिजिटल कमांड देणारी पद्धत). २० वॅगन आहेत. सगळ्यांत साउंड डिकोडर (ती कमांड घेऊन आवाज काढणारं सर्किट) घालायचा का? खर्च बघून छाती दडपते. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : अजिबात नको. वीसमध्ये दोन पुरे, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. सगळ्या वॅगन बोलायला लागल्या की कोण बोलतंय तेच कळत नाही, एक भिरभिर आवाज होतो.

निवड अशी करा. एक वॅगन यांत्रिक रेफ्रिजरेटरची, जिच्यात डिझेल जनरेटर असतो, ती गाडी उभी असतानाही गुरगुरत राहते आणि साइडिंगला उभी केली तरी जिवंत वाटते. दुसरी चाकाला सपाट डाग पडलेली. ब्रेक लागून चाक घसरलं की घासून एक भाग सपाट होतो, मग ते चाक प्रत्येक फेऱ्यात एकदा आपटतं. हा आवाज सांध्याशी संबंधित नाही, चाकाच्या फेऱ्याशी आहे. ३३ इंची चाकाचा फेरा २.६३ मीटरचा, ताशी ३० मैलाला सेकंदाला पाच ठोके. लांबून येताना आधी हेच टकटकटकटक ऐकू येतं, आणि लांबलचक गाडीत ती एकच वॅगन जवळ येऊन पुढे निघून जाते तेव्हा अंगावर काटा येतो, खरंच.

साउंडट्रॅक्सचा साउंडकार नावाचा डिकोडर खास डब्या-वॅगनसाठीच आहे, तो बघा. त्याला इंजिनाबरोबर कन्सिस्टमध्ये (एकाच कमांडवर चालणाऱ्या गटात) घ्या म्हणजे वेगाची कमांड त्यालाही मिळते, नाहीतर गाडी धावतेय आणि वॅगन गप्प. करंट दोन्ही बोगींच्या चाकांतून घ्या. आणि इंजिनाचा व्हॉल्यूम आधी निम्म्यावर आणा, मग वॅगनचा ठरवा. लोक उलटं करतात आणि शेवटी घरचे बेसमेंटचं दार लावून घेतात.

खाचा पाडणार असाल तर तुमच्याकडचं माप वेगळं. तिथला जुना रूळ ३९ फुटांचा, कारण तो ४० फुटी वॅगनमध्ये मावायला हवा, म्हणजे एचओमध्ये १३.७ सेंटिमीटर. आणि तिथे सांधे समोरासमोर नसून एका रुळाचा सांधा दुसऱ्या रुळाच्या मध्यावर येतो. म्हणून तिथला ताल डावा-उजवा असा डुलता येतो, आपल्यासारखा एकदम धडका नाही.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. मी डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डावरचा आवाज वाजवणारं छोटं मॉड्यूल), एक स्पीकर आणि रुळातून घेतलेला करंट असं डब्यात बसवलंय. पण आवाज डास गुणगुणल्यासारखा येतो, आणि सांधेबदलावरून (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथून) डबा गेला की गाणं पहिल्यापासून सुरू होतं. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : शाब्बास, नववीत एवढं बसवलंस. दोन्ही दुखणी साधी आहेत.

आधी एक प्रयोग कर. जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या पडद्याएवढं भोक पाड आणि वाजता स्पीकर त्यावर दाबून धर. आवाज लगेच भरतो, हो ना? स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो, आणि उघड्या स्पीकरमध्ये मागची हवा वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या आवाजाला खाऊन टाकते. जाड आवाज आधी मरतो, उरतो तो डास. म्हणून स्पीकरच्या मागे बंद डबी हवी. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची कर, कडा ग्लू गनने बंद कर, वायर बाहेर येते ते भोकसुद्धा बुजव, सुईएवढी फट राहिली तरी फरक पडतो. स्पीकरचं तोंड खाली रुळाकडे ठेव, आवाज टेबलावर आपटून येतो आणि चाकातून आल्यासारखा वाटतो. तरी या एवढ्याशा स्पीकरमधून खरी जमीन हादरणार नाही, म्हणून फाइलमधला एकदम खालचा, म्हणजे सगळ्यात जाड आवाजाचा भाग ऑडॅसिटीमध्ये (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) कापून टाक, तो वाजत तर नाहीच, उलट फाटतो.

दुसरं, सांधेबदलावर चाकाचा संपर्क क्षणभर तुटतो, मॉड्यूल बंद पडून पुन्हा चालू होतं, म्हणून पहिल्यापासून. रुळातून आलेला करंट आधी ब्रिज रेक्टिफायरमधून ने, नंतर १००० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टचा कपॅसिटर, नंतर ५ व्होल्टचा रेग्युलेटर, नंतर मॉड्यूल. कपॅसिटरची पट्टी असलेली बाजू मायनसला, हे दोनदा बघ, उलटा लागला तर फुटतो, आणि पहिल्यांदा चालू करताना कोणीतरी मोठं माणूस जवळ असू दे. डीएफप्लेअरला ५ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नकोस. मी माझं पहिलं मॉड्यूल थेट १२ व्होल्टला लावलं होतं, क्षणात वास आला आणि संपलं.

साधा डीसी कंट्रोलर असेल तर गाडी थांबली की रुळात करंटच नसतो आणि आवाजही जातो, तिथे कपॅसिटर पुरत नाही, संरक्षक सर्किट असलेली छोटी ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी डब्यात ठेव, मॉड्यूल तिच्यावर थेट चालतं. वजनाची काळजी नको. एचओ डब्यासाठी एनएमआरएचं (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचं) माप आहे, एक औंस अधिक प्रत्येक इंचाला अर्धा औंस, म्हणजे दहा इंची डबा सहा औंस, १७० ग्रॅम. बॅटरी आणि स्पीकर धरूनही वर काहीतरी घालावंच लागेल. आणि हो, लूप करायची फाइल वेव्हमध्ये ठेव, एमपीथ्रीच्या जोडावर बारीकशी फट ऐकू येते.

प्रश्न : माझे सासरे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलाने त्यांच्यासाठी मालगाडी बनवलीय, शेवटी ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) आहे. तिच्यात कोणता आवाज घालावा? बाबा फार बोलत नाहीत पण रोज येऊन गाडीकडे बघत बसतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, चौकडी घालू नका, ते लगेच ओळखतील. जुनी ब्रेकव्हॅन चार चाकांची, तिला बोगी नसते, दोनच आस. त्यामुळे तिचा आवाज जोडीचा नाही, एकेक येतो, ठक... ठक... आणि त्यात पत्र्याचा, साखळ्यांचा खुळखुळाट. त्यांनी आयुष्यभर तो आतून ऐकलाय, तेव्हा इथे मी माझाच वरचा नियम मोडायला सांगतो, या एका डब्यात आतलाच आवाज द्या. गाडी सुटताना कपलिंग ताणली जातात तो खडखड पुढून मागे धावत येतो आणि शेवटी ब्रेकव्हॅनला हिसका बसतो, मुलाला जमलं तर तेवढी एक फाइल वेगळी करून सुरुवातीला वाजवू दे. आवाज बारीक ठेवा, त्यांना वाकून ऐकू दे.

आणि वेग बरोबर आहे की नाही हे स्टॉपवॉचने ठरवू नका, बाबांनाच विचारा. १३ मीटरच्या रुळावर ४७ सेकंदांत जितके सांधे मोजाल तितका ताशी किलोमीटर वेग, हिशोब बरोबर बसतो. मुलाने घड्याळ धरावं, बाबांनी डोळे मिटून सांधे मोजावेत, ब्रेकव्हॅनच्या दोन आसांचे दोन ठोके म्हणजे एक सांधा. ते जो आकडा सांगतील त्यावर कंट्रोलरच्या नॉबला खूण करून ठेवा.