पुण्याच्या वेताळ टेकडीवर पहिल्यांदा एमटीबी (माउंटन बाइक): हवा, ब्रेक आणि आधी करायचं एक काम

रस्त्यावर रोज 40 किमी होतात, वजन 70 किलो, 29 इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली सायकल), 2.25 इंची टायर, आत ट्यूब, रविवारी वेताळ टेकडी. हवा किती ठेवू आणि उतारावर कुठला ब्रेक दाबू, असं विचारलंत.

हवा पुढे 28, मागे 32 पीएसआय. रस्त्यावरच्या 45-50 वर पुढचं चाक मुरमात धरतच नाही. 25च्या खाली गेलात तर टायर दगडाच्या कडेवर दबून ट्यूब रिमशी चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. नंतर कधी ट्यूबलेस केलंत तर पुढे 22-24, मागे 25-27 पुरेल; प्रत्येक टायरमध्ये साधारण 100 मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव), आणि आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं हे धरून चाला. बाभळीचे काटे बघता आज ना उद्या ट्यूबलेस करावंच लागेल.

आता ब्रेकच्या आधीचं. जो तुकडा उतरायचाय तो पहिल्यांदा चढा. जमेल तिथे चालवत, नाही तिथे ढकलत. ताशी पाच किमीच्या वेगात सगळं दिसतं: ओघळ कुठे वाटेला आडवा जातो, वळणाबाहेर झुडूप आहे की नुसतीच हवा. एक गंमत लक्षात ठेवा, खालून पाहताना पायरी छोटी वाटते. म्हणून प्रत्येक अवघड जागेच्या वर पोचलात की मागे वळून, सायकलवर असताना डोळे जितके उंच असतात तितक्या उंचीवरून ती परत बघा. पुढचं चाक कुठे टेकणार ते दिसत नसेल, तर त्या दिवशी तिथे उतरून चालायचं. जुन्या खाणीच्या कडेच्या वाटांवर तर चर्चाच नको.

मुरूम ओळखायला बूट वापरा. कातळावर सुट्या खड्यांचा पातळ थर असतो. टाच घासून बघा. टाच सर्रकन सरकली तर तिथे ना ब्रेक, ना हँडल वळवणं. वेग त्याच्या तीन-चार मीटर आधीच, घट्ट जमिनीवर कमी झालेला हवा. पावसाळ्यानंतर गवत गुडघ्याएवढं असतं आणि दगड त्याच्या आत, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रुळलेल्या वाटेवरून बाजूला चाक घालू नका. पण रुळलेली वाट म्हणजे दरवेळी सोपी वाट असंही नाही: माणसं आणि पाणी सरळ उताराने जातात, त्यामुळे मधोमध घळ पडते. घळीच्या काठाने जायचं, किंवा पूर्ण आत. अर्धं-अर्धं केलं की पुढचं चाक काठाला घासून सायकल आडवी होते.

ब्रेक दोन्ही, एकेका बोटाने. थांबवायचं खरं काम पुढचाच करतो, पण तो हळूहळू दाबायचा आणि चाक सरळ असतानाच. नवखे पुढच्याला घाबरून मागचाच दाबून ठेवतात. मग मागचं चाक लॉक होऊन घसरतं, वेग फारसा कमी होत नाही आणि वाटेला ओरखडा पडतो तो वेगळाच.

उतारावर सीट सहा-सात सेंमी खाली. ड्रॉपर (चालवतानाच सीट खाली-वर करणारी सीटपोस्ट) नसेल तर वर थांबून सीटचा क्लॅम्प सैल करा. सीटपोस्टवर मूळ उंचीला टेपची खूण असली की परत शोधत बसावं लागत नाही. उभं राहायचं, टाचा खाली, कोपरं वाकलेली, नजर आठ-दहा मीटर पुढे. ज्या दगडाकडे टक लावाल त्याच्यावरच जाल.

दगडांतून पेडल आडवी समांतर ठेवा. खाली गेलेलं पेडल जमिनीपासून जेमतेम 13-14 सेंमी असतं, फोर्क (पुढचा शॉक) दबला की आणखी कमी. पेडल आपटलं की माणूस हँडलवरून जातो. वाटेत वर आलेला दगड 20 सेंमीहून उंच असेल तर चेनरिंगही (पेडलजवळचं दातेरी चक्र) घासू शकतं, म्हणून त्याला वळसा.

सकाळी सहा ते आठ टेकडी चालणाऱ्यांची असते. घंटी लावा, समोर आजी-आजोबा किंवा कुत्रा दिसला की पाय टेका. पहिली फेरी साडेआठनंतर केलीत तर डोकं शांत राहील. मात्र तोवर ऊन चढतं, म्हणून दोन लिटर पाणी न्या.

पिशवीत दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर, चेनब्रेकर असलेलं मल्टीटूल, तुमच्या चेनच्या स्पीडची क्विकलिंक (चेन जोडायची कडी) आणि तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा). हा हँगर आजच मागवा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, रविवारी सकाळी कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि दगडावर सायकल उजव्या बाजूला पडली की बहुतेकदा तोच वाकतो.