२५५ पर्यंत सगळं ठीक होतं

अनेक आशीर्वाद.

नव्या प्रोटोकॉलचा, म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांचा, प्रोटोटाइप कोणत्या भाषेत लिहू, पायथन, गो की रस्ट, असं विचारलं आहेस. वेगाचा विचार तूर्त सोड. प्रोटोटाइप असतो तो आपण कागदावर लिहिलेल्या वर्णनातली भोकं सापडावीत म्हणून, आणि तो चार-पाचदा तरी मोडून लिहावा लागतो. पहिला खर्डा पायथनमध्येच कर.

मीही तेच केलं होतं. हेडर, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीची माहिती, साधा: एक बाइट प्रकार, चार बाइट क्रमांक, तो यूडीपीवरून (पोचपावतीशिवाय पॅकेट पाठवण्याची साधी पद्धत) पाठवायचा. आकड्यांचे बाइट करून देणाऱ्या पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलला फॉरमॅट देताना सुरुवातीचं उद्गारचिन्ह विसरलो. ते असतं तर नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये, म्हणजे मोठा बाइट आधी या क्रमाने, नेमके पाच बाइट गेले असते. नसल्यामुळे आठ जात होते: प्रकारानंतर जागा भरायला तीन शून्यं (पॅडिंग), आणि पुढे क्रमांक उलट्या क्रमाने. दोन्ही टोकांना पायथनच, त्यामुळे चुकीवरही दोघांचं एकमत! पुढे घेणारी बाजू गोमध्ये लिहिली. तिनेही १, २, ३ बिनचूक वाचले, कारण भरतीची तीन शून्यं आणि क्रमांकाचा पहिला बाइट मिळून योगायोगाने बरोबर आकडा होत होता. चाचणीच्या पॅकेटात हेडरपुढे काहीच नव्हतं, म्हणून उरलेले तीन बाइट कुणी पाहिले नाहीत. २५६ व्या पॅकेटचा क्रमांक शून्य आला, तेव्हा डोळे उघडले.

म्हणून दुसरं टोक वेगळ्या भाषेत लिही, आणि जमलं तर वेगळ्या माणसाकडून, फक्त तुझा कागद हातात देऊन. इंटरनेटची मानकं कशी ठरतात ते सांगणाऱ्या १९९६ च्या आरएफसी २०२६ या दस्तऐवजात ड्राफ्ट स्टँडर्ड या मधल्या पायरीसाठी एकमेकांशी बोलणारी किमान दोन स्वतंत्र इम्प्लिमेंटेशन्स मागितली होती, ती उगाच नाही.

हेडरमध्ये तीन बिट, तेरा बिट असले तुकडे असतील तर अर्लांग ही भाषा बघ. बिटांचा पॅटर्न लिहिला की तोच पॅकेट फोडतो. बिट सरकवून, झाकून हवा तो तुकडा काढायची (शिफ्ट आणि मास्कची) कटकट नाही. (सिंटॅक्स पहिल्या आठवड्यात डोकं फिरवतो, ते सोसावं.) हजारो कनेक्शन्स हवी असतील तर गो. रस्ट मात्र स्टेट मशीन, म्हणजे कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जायचं याचा आराखडा, स्थिरावल्यावर. रोज स्टेट बदलत असताना कंपायलरशी भांडण्यात दिवस जातो.

आणि लूपबॅकवर, म्हणजे एकाच संगणकाने स्वतःलाच पाठवताना, पॅकेट सहसा हरवत नाहीत. खराब नेटवर्कची नक्कल करणाऱ्या लिनक्सच्या नेटेमने पहिल्याच दिवसापासून पाच टक्के पॅकेट गाळ, थोडी उलटापालट कर. रिट्रान्समिशनचा (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्याचा) टायमर खरा की नुसता शोभेचा, तिथेच कळतं.

पुढच्या पत्रासोबत कोड नको पाठवूस. वायरशार्क या साधनाने पकडलेल्या पॅकेटांची फाइल आणि तुझा कागद, एवढंच पाठव.