पीव्हीओडीत किती वर्षं मिळतात? सिल्डेनाफिल द्यावी का?

पत्नीला पीव्हीओडी (फुफ्फुसातल्या बारीक शिरा बंद होत जाण्याचा आजार) निघालाय, लिहून दिलेली सिल्डेनाफिल द्यावी का आणि किती वर्षं मिळतील, असं विचारलंत. गोळीचं आधी सांगतो, कारण त्यावरून आमच्या घरात अजून अबोला आहे.

ताईला सुरुवातीला साधं पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुफ्फुसाच्या धमन्यांमधला वाढलेला दाब, सांगितलं होतं. सिल्डेनाफिल २० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. तिसऱ्या रात्री पाठीशी तीन उशा लावून बसली तरी दम पुरेना. पहाटे नॅपकिनवर गुलाबी फेस, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ७१. दवाखान्यात गोळी बंद, ऑक्सिजन, लघवीचं इंजेक्शन. दोन दिवसांनी स्वतःहून चहा मागितला.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी जुनाच सीटी पुन्हा पाहिला. बारीक रेषा, धुरकट डाग, छातीतल्या गाठी सुजलेल्या, त्यात डिफ्युजन, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता, जेमतेम २८ टक्के. म्हणाले, "मोरी तुंबलेली आणि आपण नळ पूर्ण सोडला." या आजारात अडथळा बारीक शिरांमध्ये असतो. गोळीने धमन्या मोकळ्या होतात, रक्त जोरात येतं, पुढे वाट नाही, मग पाणी फुफ्फुसात.

थोरले काका आजही म्हणतात, "गोळी बंद केली म्हणून पोर गेली." साफ चूक. गोळी बंद झाल्यावर ती चौदा महिने जगली. वेळ गेला तो फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायला. "एवढं मोठं ऑपरेशन कशाला" यातच पाच महिने गेले, आणि तो सल्ला कोणाचा होता ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

वर्षांचं म्हणाल तर प्रत्यारोपण न झालेले बरेचसे पेशंट निदानानंतर दोन वर्षांच्या आतच जातात. खात्रीचा उपाय तेवढाच, तेव्हा नाव याच आठवड्यात घाला. खात्रीसाठी फुफ्फुसाचा तुकडा काढू म्हणाले तर नको म्हणा, त्यातच जीव जाऊ शकतो.

जनुकाची तपासणीही करा. ईआयएफटूएके४, २०१४ साली सापडलेलं. ताईच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. आई ही बाबांची मामेबहीण, लग्न काकांनीच जुळवलेलं. तेव्हा कोणाला काय माहीत म्हणा. पण आई-बाबा दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक भावंडाला चारात एक धोका असतो, म्हणून पत्नीच्या भावंडांनाही सांगा.

आणि हो, माझं वाचून गोळी परस्पर बंद करू नका, आज सुरू असेल तर आजच फोन करा. काही ठिकाणी इपोप्रोस्टेनॉल हे रक्तवाहिन्या मोकळ्या करणारं, शिरेतून द्यायचं औषध अगदी कमी मात्रेत, ॲडमिट ठेवून देतात, प्रत्यारोपणापर्यंत निभावावं म्हणून. ते वेगळं. घरी बसून तीन वेळा गोळी, हे नाही.