सोयाबीन पेरलं, पैसे मक्याचे आले

प्रश्न: सर नमस्कार, माझी मुलगी अमेरिकेत आयोवा राज्यात राहते, सगळा मक्याचा पट्टा. तिच्या शेजारचे शेतकरी काका सांगत होते की ऑक्टोबरात सरकारचे पैसे जमा झाले, पण ते म्हणे गेल्या वर्षीच्या पिकाचे, आणि ज्या रानात सोयाबीन होतं त्यावर मक्याचे! हे कसं काय?

उत्तर: ताई, काका अगदी खरं सांगतायत. तिकडं पैसा यंदाच्या पिकावर मिळत नाही, तो जमिनीच्या जुन्या नोंदीवर मिळतो. त्या नोंदीला बेस एकर म्हणतात, म्हणजे या शेतात पूर्वी अमुक एकर मका व्हायचा असं सरकारदरबारी लिहिलेलं असतं, मग आता तिथं काहीही पेरा.

आधी दरवर्षी ठरलेलं थेट अनुदान मिळायचं, ते 2014 च्या शेती कायद्यानं बंद केलं आणि दोन योजना आल्या, पीएलसी (भाव पडला तर भरपाई) आणि एआरसी (उत्पन्न घटलं तर भरपाई). पीएलसी भावावर चालते, सरासरी भाव सरकारनं ठरवलेल्या आधारभावाखाली गेला की फरक देते. मक्याचा आधारभाव बुशेलला (मक्याचे साधारण 25 किलो) 3 डॉलर 70 सेंट होता, 2016 च्या मक्याला देशभराचा सरासरी भाव पडला 3.36, म्हणजे फरक 34 सेंटचा. आता समजा कुणाकडं मक्याचे 100 बेस एकर आहेत आणि नोंदीतला उतारा एकरी 150 बुशेल, तर एकरी 51 डॉलर झाले, पण पैसे 85 टक्के एकरांवरच देतात म्हणून हातात 4335 डॉलर. आणि हे आले 2017 च्या ऑक्टोबरात, कारण मक्याचं विक्रीवर्ष ऑगस्टअखेर संपतं, त्याआधी सरासरी भाव निघणार कसा? पेरणी 2016 च्या वसंतात झालेली, म्हणजे दीड वर्ष थांबायचं. बँकेचा हप्ता काही दीड वर्ष थांबत नाही.

एआरसीचा नेहमीचा प्रकार काऊंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, सरासरी उत्पन्नावर चालतो. त्यामुळं गारपीट फक्त काकांच्याच रानावर झाली आणि बाकी काऊंटीत पीक चांगलं आलं तर काकांना एआरसीतून काहीच नाही, त्यासाठी पीकविमा वेगळा काढावा लागतो. 2019 ला चीनबरोबरच्या व्यापारयुद्धाची भरपाई दिली तेव्हाही दर काऊंटीनुसारच, एकरी 15 पासून 150 डॉलरपर्यंत. मधे नुसता रस्ता, अलीकडं एक दर आणि पलीकडं दुसरा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते नोंद नसलेल्यांचं. ज्याच्या जमिनीवर बेस एकरच नाहीत, समजा पिढ्यानपिढ्या भाजीपालाच केला, त्याला या दोन्ही योजनांतून त्या जमिनीवर काही मिळत नाही, मेहनत तेवढीच असली तरी. 2014 ला मालकांना 2009 ते 2012 च्या पेरणीप्रमाणं पिकांची वाटणी बदलायची संधी दिली, पण एकूण एकर वाढवता आले नाहीत. 2025 च्या कायद्यात मात्र देशभरात 3 कोटींपर्यंत नवीन बेस एकर जोडायची सोय झाली आणि मक्याचा आधारभाव 4 डॉलर 10 सेंट केला, हे बरं झालं.

रोख खंडानं जमीन कसत असेल तर पैसे कसणाऱ्याला जातात, वाट्यानं असेल तर दोघांत वाटले जातात. पण खंड ठरवताना मालकालाही हे पैसे माहीत असतातच, मग खंड चढतो आणि कसणाऱ्याकडं त्यातलं किती उरतं ते बघा.

मुलीला सांगा, काकांकडं एफएसए 156 ईझेड नावाचा कागद असेल तर बघायला माग, नसेल तर त्यांना काऊंटीच्या एफएसए कचेरीत (तिकडच्या सरकारी शेती खात्याची कचेरी) मिळेल. त्यावर प्रत्येक पिकाचे बेस एकर आणि पीएलसीचा उतारा छापलेला असतो, सोयाबीनच्या रानावर मका कुठून आला ते तिथंच दिसेल.