ठाण्यात टीएमटी, एनएमएमटी आणि बेस्ट यांच्या बसची माहिती एकत्र करायची तर सुरुवात कुठून करावी?

आधी ठाणे, नवी मुंबई आणि मुंबई या शहरांच्या या तिन्ही बस उपक्रमांच्या थांब्यांची एकच सामाईक यादी करावी. बसचे जीपीएस जोडण्याचे काम त्यानंतरचे. सार्वजनिक वाहतुकीच्या माहितीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या जीटीएफएस या मांडणीत प्रत्येक फेरीचे वेळापत्रक थांब्याच्या ओळख-क्रमांकाला बांधलेले असते, त्यामुळे एकाच जागेला तीन उपक्रमांचे तीन क्रमांक राहिले तर संगणकाच्या लेखी त्या तीन वेगळ्या जागा ठरतात आणि बस कुठे बदलावी हे वेगळे नोंदवावे लागते किंवा अंतरावरून अंदाजाने जुळवावे लागते. ठाणे स्थानकाबाहेरच्या सॅटिस या उन्नत बसतळासारख्या ठिकाणी प्रत्येक फलाटाला स्वतंत्र क्रमांक देऊन ते सर्व एका पालक-स्थानकाखाली, म्हणजे संपूर्ण जागेच्या एकाच नोंदीखाली, आणावेत. नावांच्या स्पेलिंगवर ही जुळणी मुळीच सोपवू नये. मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्या सेवादिवसातच २५:१०:०० (म्हणजे रात्री १:१०) अशी लिहितात, हे नवख्याला चुकीचे वाटले तरी नियमाला धरूनच आहे. मात्र यातून प्रवाशाला दिसणारी माहितीच एकत्र होते. सामाईक तिकिटाच्या उत्पन्नाची उपक्रमांमधील वाटणी या मांडणीत येत नाही, त्यासाठी स्वतंत्र करार आणि स्वतंत्र हिशेबप्रणाली लागते.