गोळीचा डोस दुप्पट केला तर असर दुप्पट वेळ टिकतो का?

नाही. तुमच्या मुलाची मेथिलफेनिडेटची (लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा, म्हणजे एडीएचडी, यावरचं औषध) साधी 10 मिलिग्रॅमची गोळी सकाळी 8 ला दिली की मधल्या सुट्टीपर्यंत उतरते, म्हणून 20 दिली तर संध्याकाळपर्यंत पुरेल, असं वाटणं साहजिक आहे. पण शरीर हे औषध साधारण दर 2 ते 3 तासांनी निम्मं करत जातं. म्हणजे 20 चे 10 व्हायला जेमतेम अडीच तास लागतात, आणि तिथून पुढचा रस्ता 10 च्या गोळीचाच. कागदावर मिळाले तर एवढेच तास जास्त, प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमी. उलट सुरुवातीचा जोर मात्र वाढतो: डबा तसाच परत येतो, छाती धडधडते, पोर गप्प गप्प होतं.

असर किती वेळ टिकणार हे मुख्यतः गोळीच्या बनावटीवर ठरतं. साधी गोळी 3 ते 4 तास चालते. काही दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांत वरचा थर लगेच विरघळतो आणि उरलेलं औषध बारीक छिद्रातून हळूहळू बाहेर ढकललं जातं. त्या 10 ते 12 तास पुरतात. म्हणूनच त्या चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

कृपया घरच्या घरी डोस वाढवू नका. आठवडाभर गोळी दिल्याची वेळ, चिडचिड सुरू झाल्याची वेळ आणि जेवण किती झालं हे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. दुपारी छोटा दुसरा डोस की गोळीचा प्रकारच बदलायचा, हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.