घरात उपासना घ्या, पण जुन्या मंडळीतलं (चर्चमधलं) नाव काढू नका

जय ख्रिस्त ताई. तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी दळण टाकून येताना परत वाचली. उचगावात भाड्याच्या दोन खोल्यांत दहा-बारा जण रविवारी जमताय, घरमालक आवाजावरनं कुरकुरतोय, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घरात घ्यावं का नाही कळत नाही, आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की "आता जुन्या चर्चमधनं नाव काढून मोकळं व्हावं म्हणतोय". बाकीचं होतंय हो, त्या शेवटच्या ओळीसाठी एवढं टाईप करत बसलेय.

गीतं कुठली, प्रार्थना कशी, ते सांगत बसत नाही, तुम्हाला येतंयच. आमच्या हॉलमध्ये अकरा वर्षं सभा आहे, पाचची वेळ म्हणजे साडेपाच. सोफा भिंतीला लावायचा, सतरंजी टाकायची, ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना खुर्च्या. दोन गीतं, मग कुणाची साक्ष, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, मग बायबलचा अध्याय सगळ्यांनी मिळून वाचायचा, एकेकानं दोन-दोन ओव्या, पोरं अडखळली तरी त्यांनीच वाचायच्या. संदेश पाळीपाळीनं. बायबलात प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलंय तसं, कुणाजवळ स्तोत्र असतं, कुणाजवळ शिकवण असते, एकट्यानंच तासभर बोलायचं असेल तर मग चर्चची बाकडी काय वाईट होती? आमच्याकडं पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा पोरगा झोपेत तिसऱ्या मजल्यावरनं पडला, आणि आपल्यात तर कुणी पौल पण नाही.

घरमालकाचं म्हणाल तर आधी माईक बंद करा. दहा बाय बाराच्या खोलीत माईक कशाला लागतो मला कळलेलं नाही. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे म्हणे नियमात, आमच्या एका भावाचं नुसतं "हालेलूया" त्याच्यावर जातं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ आणि पेटीवर छान होतात, ढोलकी नाताळला काढा. आणि दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून बसू नका, लोकांना उगाच वाटतं आत काहीतरी चाललंय. मालकीणबाईंना एकदा चहाला बोलवा.

चहावरनं आठवलं. खायचं ठेवू नका, नुसता चहा-बिस्किट. आमच्याकडं पहिल्या वर्षी ज्याच्या घरी सभा त्यानं पोहे करायचे असं होतं, मग एकानं उप्पीट-शिरा केला, पुढच्यानं थेट तांबडा-पांढरा. लई भारी वाटलं सगळ्यांना. चार महिन्यांनी एक विधवा बहीण यायची बंद झाली, फोन केला की "पाय दुखतोय". धुणंभांडी करायच्या त्या, आणि पुढची पाळी त्यांची होती. आम्हाला हे कळायला दोन महिने गेले. करिंथच्या मंडळीवर पौल नेमकं ह्याच्यावरनंच चिडलाय, जेवणावरनं गरिबाला लाजवता म्हणून, आणि आम्ही तो अध्याय दर महिन्याला वाचत होतो.

प्रभुभोजनाबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं, भांडू नका. आम्ही ओळखीचे पाळक (पास्टर) येतात तेव्हाच घेतो, महिन्यातनं एकदा, काळी द्राक्षं उकळून घरीच रस करतो. हे माझं मत आहे, तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

आता नावाचं. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब 1852 साली आले, तेव्हापासनं इथली घराणी चार-पाच पिढ्या त्याच त्या मंडळ्यांच्या रजिस्टरात आहेत. माझ्या सासूबाई त्यातल्याच. बाप्तिस्मा तिथं, लग्न तिथं, पोरांचे बाप्तिस्मे तिथं. आम्ही घरात सभा सुरू केली तेव्हा आमच्या अंगात आलं होतं, खरं सांगते. समितीतली भांडणं, निवडणुका, सगळ्याचा वीट आलेला. मीच पत्र लिहिलं, की आमच्या कुटुंबाचा आता ह्या मंडळीशी संबंध राहिलेला नाही, नावं कमी करावीत. चार सह्या. सासूबाईंना चष्मा सापडत नव्हता, मी म्हणलं "आई, इथं करा", त्यांनी केली. काय लिहिलंय विचारलं पण नाही, सुनेवर विश्वास.

सहा वर्षांनी त्या गेल्या. शनिवारी पहाटे. दफनभूमीची परवानगी ज्या कार्यालयातनं मिळते तिथं आमचे हे साडेनऊला जाऊन उभे. तिथल्या माणसानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत नावापाशी आला, नावावर लाल रेघ आणि शेजारी आमच्या पत्राची तारीख. म्हणला तुमच्या पाळकांचं पत्र आणा. कुठल्या पाळकांचं? आमच्यात पाळक नाही, आम्ही सगळे भाऊ-बहीण. मग म्हणला समितीसमोर ठेवावं लागेल, समिती बुधवारी बसते. घरात बर्फाच्या लाद्या वितळतायत आणि हा बुधवार सांगतोय! ह्यांनी अध्यक्षांना फोन लावला, ते परगावी. सचिव म्हणाले माझ्या हातात नाही. ज्या माणसानं नाही म्हणलं तो आमच्या लग्नात जेवलेला आहे, हे लिहायला नको होतं पण लिहिते. त्यानं मनावर घेतलं असतं तर झालं असतं, असं मला आजही वाटतं. पण लाल रेघ त्यानं मारलेली नव्हती, ती माझ्या पत्रानं मारली.

शेवटी दुपारी अडीचला गाडी करून गडहिंग्लजकडं सासऱ्यांच्या गावी नेलं, तिथल्या मंडळीनं काही न विचारता जागा दिली, प्रभू त्यांचं भलं करो. पण सासऱ्यांची कबर इथं कोल्हापुरात आहे. दोघांत दीड-दोन तासाचा रस्ता. आणि सहा वर्षं ज्या बायका दर रविवारी त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसल्या त्यातल्या दोघीच पोचू शकल्या.

म्हणून सांगते, घरात जमा, रोज जमा, पण नाव राहू दे आणि वर्षाची वर्गणी भरून पावती घ्या, पटो न पटो. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, तुमच्या मंडळीत विचारून घ्या, मी काही वकील नाही. आणि तुमची स्वतःची एक वही ठेवा, कोण कधीपासनं येतंय, कुणाचा बाप्तिस्मा कुठं झालाय, दाखल्याची झेरॉक्स. लग्नाचं तर अजून कडक आहे, 1872 च्या ख्रिश्चन विवाह कायद्यात लग्न कोण लावू शकतं ते ठरवून दिलंय, चांगला संदेश देतो म्हणून कुणीही भाऊ लावू शकत नाही, अधिकार नसताना लावलं तर गुन्हा आहे. घाई असेल तर 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करू म्हणाल तर तिथंही 30 दिवसांची नोटीस आहे.

आम्ही नंतर अर्ज करून परत नावं घातली. मागची सगळी वर्गणी भरायला लावली, भरली. पावत्या अर्पणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, त्यातच सासूबाईंचा चष्मा आहे, पत्रानंतर दोन दिवसांनी फ्रीजवर सापडला होता.